टाकीफुलची नवी गाडी

आमच्या ह्यांना टॅक्सी स्टँडवर कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'टाकीफुल' म्हणतात. चोवीस वर्षांत या माणसानं पंपावर जाऊन "फुल कर" याशिवाय दुसरा शब्द उच्चारलेला नाही. दोनशेचं टाक, पाचशेचं टाक, ही भाषाच ह्यांना येत नाही. काटा अर्ध्यावर आला की मग मागच्या सीटवर कोण बसलंय नि त्याला किती घाई आहे, काही बघायचं नाही. गाडी पंपाकडे वळलीच म्हणून समजा.

त्याला कारण आहे, आणि ते कारण मी आहे. लेकीच्या वेळी पहाटे मला कळा सुरू झाल्या. ह्यांनी मला गाडीत घातलं, आणि दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. पेट्रोल संपलं! टॅक्सीवाल्याच्या टॅक्सीतलं पेट्रोल, त्याच्याच बायकोच्या बाळंतपणात! मी मागे ओरडतेय, हे रस्त्यावर धावतायत. तेवढ्यात पंपावरचा एक माणूस रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी चालला होता. त्यानं काही विचारलं नाही, सांगितलं नाही. सायकल उलटी फिरवली आणि पेट्रोलचा कॅन घेऊन आला. लेक त्या चढावर झाली नाही, दवाखान्यात झाली, ती त्याच्यामुळे.

तेव्हापासून टाकी फुल, आणि तेव्हापासून त्याच पंपावर, त्याच माणसाच्या हातून. लेक त्याला पंपकाका म्हणते. मी भाऊजी म्हणते. पण खरं सांगू का, मी त्यांना वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेटायची. मैत्री ह्यांची. रोज सकाळी पंपावर टाकी भरायची, दोन कप चहा घ्यायचा, मगच दिवस सुरू.

आता नव्या गाडीचं. क्लच दाबून दाबून ह्यांचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी फोटो बघितला, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दिवसाला नऊ तास. त्यावर एक मिनिट नाही. नाहीतर वर्षभरात ऑपरेशन, आणि मग ड्रायव्हिंग विसरा." हे चौदा तास गाडी चालवायचे. सकाळी सहा ते दुपार, दुपारी थोडं पडायचं, मग रात्री अकरापर्यंत. संध्याकाळच्या त्या फेऱ्या सोडल्या तर महिन्याला नऊ हजारांचा खड्डा पडणार होता. तो भरायचा कुठून?

लेक म्हणाली, "पेट्रोलमधून." तिनं फोनवर सगळं मांडून दाखवलं. जुन्या गाडीला किलोमीटरमागे साडेसात पेट्रोलचे. विजेच्या गाडीला, घरी चार्ज केली तर, सव्वा. नव्या गाडीचा हप्ता वजा केला तरी महिन्याला दहा हजार हातात उरतात. शिवाय क्लच नाही. "बाबा, संध्याकाळी सातला घरी याल," ती म्हणाली.

मी शिवणकाम करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. त्यातून पाच वर्षं साठवलेलं सगळं मी त्या गाडीच्या पहिल्या रकमेत घातलं. एक पैसा मागे ठेवला नाही. ह्यांना ते पटलेलं नव्हतं. "वायरवर गाडी चालते होय? पंखा आहे का तो?" असलं चाललं होतं. शेवटी तह झाला. गाडी विकणाऱ्यांची अट होती की महिनाभर वापरा, नाही पटली तर थोडी रक्कम कापून परत घेऊ. जुन्या गाडीला गिऱ्हाईक होतं, तेही महिनाभर थांबायला तयार होतं. महिना झाला की हिशेब करायचा. नऊ हजार वाचले तर जुनी गाडी विकायची आणि संध्याकाळ सोडायची. नाही वाचले तर नवी परत, आणि हे पुन्हा क्लचवर पाय ठेवून अकरापर्यंत.

चार्जिंगला सॉकेट लागतं. आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली पार्किंगमध्ये. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी कपाळाला आठ्या घालून "नियमात बसत नाही" म्हणून सांगितलं. मी म्हटलं, कुठल्या नियमात ते दाखवा. त्यांना दाखवता येईना. मी चार दिवस त्यांच्या खनपटीला बसले. जिन्यात गाठलं, लिफ्टमध्ये गाठलं, एकदा तर त्यांच्याच दारात माझं स्टूल टाकून बसले आणि तिथं बसून तीन पँटींच्या कडा दुमडल्या. पाचव्या दिवशी सही झाली. आमच्याच मीटरवरून वायर खाली आली, सॉकेट बसलं. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मी त्याला जाड रेक्झिनचं टोपडं शिवलं आणि नाडीनं गाठ मारली. माझी गाठ वेगळी असते. डावीकडून दोन वेढे, मग फास. शिवणकामाची गाठोडी बांधून बांधून हाताला तशीच सवय झालीय. अशी गाठ दुसऱ्या कोणाला मारता येत नाही.

महिना गेला. हे रोज अकराला यायचे. मी विचारायची, "चार्ज?" हे म्हणायचे, "झालंय." मी खाली जाऊन कशाला बघू? माझा नवरा खोटं बोलत नाही. टाकी फुल आणि बोलणं अर्धं, हा त्याचा दोष, पण खोटं नाही.

हिशेबाच्या रविवारी लेक आली. ह्यांनी वही काढली. वहीत एकेक दिवस लिहिलेला, तारीख, किलोमीटर, चार्जिंगचे पैसे. लेक बेरीज करत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. हप्ता वजा जाऊन उरले होते एक हजार चाळीस.

"बाबा, हे आकडे बरोबर आहेत?"

"जे लागलं ते लिहिलंय."

"एवढी वीज खाते ही गाडी?"

"कागदावरची गाडी वेगळी, रस्त्यावरची वेगळी," हे म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

लेक परत परत बेरीज करत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर पाच वर्षांच्या शिवलेल्या चेन उघडल्या नि मिटल्या. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट वाटलं ते गुडघ्याचं. आणि एक गोष्ट मला खटकली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. हे मान खाली घालून वहीची कड खरडत होते.

मला तिथं बसवेना. "येते," म्हटलं आणि खाली गेले. त्या गाडीला चार शिव्या द्याव्यात, मन मोकळं करावं, एवढाच विचार. गाडी उभी होती, स्वच्छ पुसलेली. मी सॉकेटकडे बघितलं. टोपडं जागच्या जागी. गाठ बघितली. डावीकडून दोन वेढे, मग फास. वर बोटभर धूळ.

माझी गाठ! महिन्याभरात कोणी सोडलीच नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तसंच वर जाऊन मी काही बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही, पण नाहीच बोलले. लेकीला जेवायला वाढलं, वही माझ्या पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला ह्यांच्या आधी खाली जाऊन नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले.

हे आले, दार उघडलं, मला बघून दचकले. "अगं, तू कुठं निघालीस?"

"तुम्ही निघालात तिथं."

"मी पंपावर..." हे बोलता बोलता थांबले. विजेच्या गाडीचा माणूस पंपावर! मी काचेतून बाहेर बघत बसले. गाडी एवढी शांत चालते की नवराबायकोचं न बोलणं स्पष्ट ऐकू येतं.

पंप पूर्वीसारखा राहिलेला नाही. सहा नळ्यांपैकी दोन बंद, त्यांना पिशव्या बांधलेल्या. कोपऱ्यात पंक्चरवाला बसायचा तिथं आता एक पांढरं उंच मशीन उभं आहे, जाड काळ्या वायरचं. त्याच्याशेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक थर्मास आणि पंपकाका. केस पांढरे झालेत. आम्हाला बघून उठले आणि तोंडभर हसले.

"अरे वा, आज वहिनी! काय टाकीफुल, किती?"

"फुल कर," हे म्हणाले, पुटपुटल्यासारखं.

मी मशीनचा पडदा बघितला. बावन्न टक्के दाखवत होता. त्याखाली युनिटचा दर. घरच्या विजेच्या तिप्पट.

भाऊजींनी मला स्वतःची खुर्ची दिली, चहा दिला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. माणूस एकटा राहतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली, बोलायला मिळालं की थांबत नाही. "बरं झालं आलात वहिनी. ह्या तुमच्या नवऱ्यामुळे माझी नोकरी चाललीय. मालकानं पेट्रोलवरून काढून मला इथं बसवलं. म्हणाला, तीन महिने बघतो, गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर मशीन पण जाईल आणि मग तुमचं पण बघू. रोजचं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे हा एकटा. आणि मला वाईट वाटतं हो, तुमच्या बिल्डिंगवाल्यांनी सॉकेट बसवू दिलं नाही म्हणे. माणसं कशी असतात!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे थर्मासचं झाकण फिरवत होते. फिरवून झालं तरी फिरवत होते.

सॉकेट बसवू दिलं नाही! चार दिवस भांडून, सेक्रेटरींच्या दारात बसून मिळवलेलं माझं सॉकेट! शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण समोर तो माणूस उभा होता. पहाटेच्या वेळी दमलेला असताना सायकल उलटी फिरवणारा. त्याला मी काय सांगू? की माझ्या नवऱ्याच्या संध्याकाळी तुझ्या मशीनमध्ये चालल्यात? मी चहा प्यायला. तोंड भाजेल एवढा गरम होता, तरी प्यायला. मनात म्हटलं, राहू दे. जाऊ दे ती गाडी. आपल्यावर याचं एवढं आहे की हजार संध्याकाळी गेल्या तरी फिटायचं नाही.

तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. उठले म्हणजे उठायला गेले. डावा गुडघा दगा देऊन गेला आणि ह्यांनी मशीनला घट्ट मिठी मारली म्हणून पडले नाहीत. चेहरा पांढरा पडला. भाऊजी धावले, मी धावले. "काही नाही, काही नाही," हे म्हणत होते आणि दात आवळलेले.

मग मात्र माझं तोंड सुटलं. "भाऊजी, सॉकेट आहे. घरी सॉकेट आहे, मी बसवून घेतलंय. हे इथं येतात ते तुमच्यासाठी. तिप्पट दरानं. काल हिशेब झाला, काहीच उरलं नाही, उद्या ही गाडी परत जाणार. आणि मग हे पुन्हा रात्री अकरापर्यंत क्लच दाबणार, ह्या गुडघ्यानं." बोलता बोलता मला रडू आलं. मला रडताना बघायची ह्यांना सवय नाही. हे तसेच मशीनला धरून उभे राहिले.

भाऊजी इतके लाल झाले की मला वाटलं आता यांचंच काहीतरी होणार.

"म्हणजे मी तुझ्या जिवावर जगतोय होय रे?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! मी भीक मागितली तुझ्याकडे? चोवीस वर्षांपूर्वी मी कॅन आणला होता, त्याची परतफेड चाललीय का ही? त्या कॅनचे मी पैसे तरी घेतले होते का?"

"घेतले होतेस," हे म्हणाले. "सुटे नव्हते म्हणून दोन जास्तच घेतलेस."

भाऊजींना हसू फुटलं, पण राग गेला नव्हता. तरातरा गेले, गाडीचा प्लग उपटला आणि वायर मशीनला अडकवली. पडद्यावर आकडा होता एकसष्ट.

"अरे, एकसष्टच झालंय!" हे ओरडले.

"आज एवढंच. आणि उद्यापासून तुला हे मशीन बंद. घरी जाऊन झोपताना प्लग लाव, सकाळी फुल मिळेल. इथं यायचं तर टायरमध्ये हवा भरायला ये. हवा फुकट आहे. चहा पण फुकट आहे. पैसे घेऊन आलास तर तंगडं मोडीन, चांगलं असलेलं."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांना त्या पंपावर कोणी अर्धवट भरून परत पाठवत होतं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"पण मग तुझ्या मशीनचं काय?" ह्यांनी विचारलं. खरा प्रश्न तोच होता.

माझ्या पिशवीत वही होती. भांडण झालंच तर पुरावा म्हणून आणली होती. मी ती काढली आणि कालची बेरीज पुन्हा बघायला लागले, काहीतरी करायचं म्हणून. किलोमीटरमागे पावणेचार. काल तो आकडा बघून माझ्या जिवाचं पाणी झालं होतं, कारण मी तो घरच्या सव्वाशी लावून बघत होते. आज समोर पेट्रोलच्या नळ्या होत्या. पेट्रोलचे साडेसात. पावणेचार म्हणजे बरोबर निम्मे!

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या स्टँडवर किती जणांच्या गाड्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात?"

"निम्म्याहून जास्त."

"विजेची गाडी कोणी कोणी घेतलीय?"

"दोघांनी. ते पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात चार्जिंगला. बाकीचे पाच-सहा जण घेऊ का नको करतायत. घरी सॉकेट नाही म्हणून अडलेत. बाहेरच्या मशीननं परवडत नाही, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय."

मी वही ह्यांच्या हातात ठेवली. "महिनाभर रोज बाहेरच्या मशीनवर चार्ज करून, दर दिवसाचं लिहून ठेवणारा शहाणा त्यांना दुसरा कोण भेटणार आहे?"

भाऊजींनी ती वही ह्यांच्या हातातून ओढून घेतली, चष्मा लावला, एकेक पान वाचलं. "अक्षर घाणेरडं आहे," ते म्हणाले, "पण हिशेब चोख आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. ते दोघं दुसऱ्या टोकाला जाणारे, ते आठवड्यातच इकडे यायला लागले. वही स्टँडवर हातोहात फिरली, तिच्यावर चहाचे डाग पडले, एक पान फाटलं. अडलेल्यांपैकी तिघांनी गाड्या घेतल्या. सकाळी मशीनपुढे आता रांग लागते, म्हणजे तीन-चार गाड्यांची, पण लागते. मालक अजून "बघू" म्हणतो, पण परवा त्यानं स्वतःहून तिसरी खुर्ची आणून ठेवली. आमच्या जुन्या गाडीचं गिऱ्हाईक येऊन ती घेऊन गेलं. ती गेली तेव्हा हे बराच वेळ पार्किंगमधल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. आणि हे रोज सकाळी पंपावर जातात, हवा भरायला. इतकी हवा भरून घेतलेले टायर या गावात दुसऱ्या कोणाचे नसतील.

पण मला सांगायचंय ते त्याच आठवड्यातल्या बुधवारचं. पहिली संध्याकाळ.

मी शिलाई मशीनवर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर शिवत होते. घड्याळात सातला दहा कमी. खालून गाडीचा आवाज येत नाही, ही त्या गाडीची एक खोड आहे, त्यामुळे दाराबाहेर पाऊल वाजलं तेव्हाच कळलं. एक पाऊल जड, एक हलकं. दार उघडून हे आत आले आणि दारातच उभे राहिले, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे.

"प्लग लावला," हे म्हणाले. "तुझी गाठ काही सुटेना. दातानं सोडवली."

"हातपाय धुवा. वाढते."

मी ताटं घेतली. इतकी वर्षं मी आठला एकटी जेवायची आणि ह्यांचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवायची. लेक घरी होती तोवर ती स्टुलावर, पुस्तक समोर धरून, तिच्या वेळेला. आज झाकायचं ताटही जेवायला घेतलं. दोन्ही ताटं वाढली, टेबलावर ठेवली. हे हात पुसत आले आणि टेबलापाशी घोटाळत राहिले.

"बसा की."

"कुठं बसू?"

"म्हणजे? तुमच्या खुर्चीवर."

ह्यांनी ओट्याजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. "मी हिच्यावर बसतो."

"ती माझी आहे," मी म्हटलं. "मी रोज तिथंच बसते."

आम्ही दोघं त्या खुर्चीकडे बघायला लागलो. चोवीस वर्षं रात्री आम्ही एकाच खुर्चीवर बसून जेवत होतो. मी आठला, हे अकराला. दोघांनाही माहीत नव्हतं.

टेबलाच्या पलीकडे दुसरी खुर्ची होती. तिच्यावर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग होता, कायमच असायचा. मी तो सगळा उचलून पलंगावर टाकला, फडक्यानं खुर्ची पुसली आणि ह्यांच्यासाठी ओढली. हे हळूच बसले, गुडघा लांब करून. मग मी माझ्या जागेवर बसले.

जेवण गरम होतं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि जीभ भाजून घेतली. गरम जेवायची सवयच राहिलेली नाही.

"सावकाश," मी म्हटलं. "आता कुठं जायचंय?"